तिसऱ्या फेरीत दम कुठे जातो?

कन्हेरीचा मारुती साऱ्या महाराष्ट्राला निवडणुकीच्या बातम्यांतून माहीत आहे. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं याच मारुतीपुढे फुटत आला. पण निवडणूक काही रोज नसते. एरवी बारा महिने मारुती हा तालमीचा देव. शड्डू ठोकण्याआधी हात जोडायचे ते त्याच्यापुढे. अलीकडे बारामती-इंदापूर पट्ट्यात या देवाला एक नवा भक्त मिळाला आहे. पोलिस भरतीची तयारी करणारा पोरगा, आणि आता तितक्याच जिद्दीने उतरलेली पोरगीही.

पहाटे साडेपाचला या भागातल्या कुठल्याही रस्त्यावर उभं राहावं. उसाच्या फडावर अजून अंधार असतो, आणि पालखी मार्गाच्या कडेने पोरं पळत असतात. कुणी शाळेच्या मैदानावर फक्की मारून आखलेल्या ट्रॅकवर घिरट्या घालतं, कुणी कॅनॉलच्या भरावावरून धावतं. घरी दोन-तीन एकर रान, बापाच्या नावावर सोसायटीचं कर्ज, आणि डोळ्यांपुढे खाकी वर्दी. या पोरांच्या कष्टात काडीची कसूर नाही. कसूर आहे ती त्यांना पळवण्याच्या पद्धतीत. ते स्पष्ट बोललं पाहिजे, कारण दोन-चार सेकंदांनी हुकलेली भरती पोराची दोन-दोन वर्षं खाऊन टाकते.

मैदानी चाचणी ५० गुणांची. पुरुषांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. महिलांना १६०० च्या जागी ८०० मीटर. १६०० मीटरला पैकीच्या पैकी गुण हवेत तर ५ मिनिटं १० सेकंदांत यावं लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या, म्हणजे दर फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. हा हिशेब सोपा आहे, पण पळताना तो क्वचितच पाळला जातो.

सरावाची कुठलीही बॅच बघा. शिट्टी वाजली की सगळी पोरं उधळतात. पहिली फेरी पासष्ट-सदुसष्ट सेकंदांत, छाती पुढे, मागच्याकडे एक नजर टाकून. दुसऱ्या फेरीत खांदे कानांकडे चढायला लागतात आणि मुठी आवळतात. तिसऱ्या फेरीच्या पहिल्या वळणावर मांड्यांत जाळ होतो, पाऊल उचलावं तर कुणी पायाला पाट बांधल्यासारखं वाटतं, तोंड उघडं पडतं आणि टाचा जमिनीवर आपटायला लागतात. चौथ्या फेरीत पोरगं पळत नसतं, नुसतं पुढे सरकत असतं. वेळ येते पाच चाळीस. कडेला उभे असलेले सर ओरडतात, ‘दम नाही रे तुझ्यात!’

दम आहे, पण तो पहिल्या दीड मिनिटात उधळला गेला.

मराठीत हा एक शब्द किती कामं करतो! दम लागतो, दम खातो, दम धरतो, एका दमात काम होतं, आणि माणसात दम आहे की नाही हेही आपण याच शब्दाने मोजतो. श्वास आणि ताकद या दोन गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात बांधल्या, आणि त्यामागे अनुभवाचं शहाणपण आहे. मात्र शरीराच्या आत या दोन गोष्टी नेहमी बरोबर चालत नाहीत. काही ताकद श्वासाशिवायच येते. भरतीच्या तीन चाचण्या म्हणजे हा फरक दाखवणारा जणू धडाच आहे. धडा म्हणावा तर तो दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात खरोखरच आहे. ऑक्सिश्वसन, विनॉक्सिश्वसन, आणि ‘ऊर्जेचे चलन’ म्हणून ओळखलं जाणारं एटीपी. परीक्षेपुरतं पाठ केलेलं हे प्रकरण पोरं मैदानावर येईपर्यंत विसरून जातात, आणि त्यांना पळवणारे सरही.

स्नायू आखडायचा तर त्याला एटीपी लागतं. भाकरी, केळी, गूळ, चरबी यांपैकी काहीही स्नायूला थेट चालत नाही. सगळ्याची आधी मोड करून एटीपी करावं लागतं. आणि हे चलन साठवून ठेवता येत नाही. एका वेळी सबंध अंगात ते शंभर ग्रॅमही नसतं. दिवसभरात मात्र माणूस जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं एटीपी खर्च करतो, म्हणजे तेच ते कण शेकडो वेळा मोडायचे आणि पुन्हा भरायचे. जोरात धावायला लागलं तर अंगातलं तयार एटीपी दोन-तीन सेकंदांत संपतं. म्हणून प्रश्न इतकाच उरतो, की ते किती वेगाने आणि कशापासून भरलं जातं.

गोळाफेकीला या प्रश्नाचा त्रासच नाही. पुरुषांचा ७.२६ किलोचा गोळा मानेशी धरून फेकायला एक-दोन सेकंद लागतात, तेवढं एटीपी हाताशी असतंच. १०० मीटरला त्याच्या जोडीला क्रिएटिन फॉस्फेट येतं. हे स्नायूतच असतं, एटीपी संपताक्षणी ते भरून देतं, आणि त्यासाठी ना ऑक्सिजन लागतो ना साखर. पण हा साठाही आठ-दहा सेकंदांचा. म्हणून या शर्यतीत शेवटच्या वीस मीटरला जगातला सर्वांत वेगवान माणूससुद्धा मंदावतो. तो वेग वाढवून जिंकत नाही, इतरांपेक्षा कमी मंदावून जिंकतो.

याच साठ्यावर आपली कबड्डी चालते. चढाई ३० सेकंदांची, पण खरी झुंज तीन-चार सेकंदांची असते, निदान रेषेकडे झेपावणं किंवा पकड झटकणं तरी. मग चढाईपटू परत येतो आणि पुढच्या पाळीपर्यंत उभा राहतो. त्या उसंतीत क्रिएटिन फॉस्फेट पुन्हा भरतं. अर्ध्या मिनिटात साधारण निम्मं, तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ सगळं. उसाच्या फडातही हाच हिशेब दिसतो. बारामती-इंदापुरात गाळप सुरू झालं की फडाफडांत तोडणीच्या टोळ्या असतात. कोयत्याने ऊस तोडणं हे दिवसभर चालणारं, श्वासावर चालणारं काम. पण मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रॉलीत चढणं ही पाच-सात सेकंदांची झटापट आहे. तोडणीवाली बाई मोळी टाकून खाली उतरते, पदराने तोंड पुसते, दोन श्वास घेते आणि मग दुसऱ्या मोळीला हात घालते. त्या दोन श्वासांना कुणी कामचुकारपणा म्हणू नये. त्याशिवाय दुसरी मोळी उचलताच येत नाही.

आता १६०० मीटरची ती तिसरी फेरी.

दहा सेकंदांनंतरही जोर तसाच लावायचा म्हटलं की शरीर स्नायूतल्या साखरेला हात घालतं. ही साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते. धट्ट्याकट्ट्या माणसाच्या स्नायूंत साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, आणि यकृतात शंभरेक ग्रॅम. ऑक्सिजन पुरेसा पोचेपर्यंत थांबायला वेळ नसेल तर ही साखर अर्धवट मोडली जाते. काम झटपट होतं, पण ग्लुकोजच्या एका रेणूमागे हाती लागतात जेमतेम दोन एटीपी. तोच रेणू तंतुकणिकांत, म्हणजे पेशीच्या भट्टीत, ऑक्सिजनवर पूर्ण जाळला तर तीसच्या वर मिळतात. म्हणजे घाईची किंमत पंधरा पट. शिवाय या घाईत लॅक्टेट तयार होतं आणि त्याबरोबर स्नायूत आम्लता वाढते. मांड्यांतला तो जाळ याच घाईचा.

ऊसतोडीच्या मुलखात याला शब्द तयार आहे, उचल. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतली की पैसा लगेच हातात येतो आणि मग हंगामभर घामातून फेडावा लागतो. पहिली फेरी ६५ सेकंदांत मारणारा पोरगा अशीच उचल घेतो. ती त्याला तिसऱ्या फेरीत फेडावी लागते, आणि ती फेडायला तो थांबू शकत नाही. इंग्लंडचे आर्किबाल्ड हिल यांनी या गोष्टीला ‘ऑक्सिजनचं कर्ज’ असंच नाव दिलं होतं. स्नायूंवरच्या कामासाठी त्यांना आणि जर्मनीच्या ऑटो मायरहोफ यांना १९२२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. पुढच्या संशोधनाने हिल यांचा हिशेब बराच दुरुस्त केला. शर्यतीनंतरची धाप म्हणजे नुसती लॅक्टेटची फेड नव्हे, हे आता माहीत आहे. पण जोराच्या कामानंतर शरीर देणं भागवत बसतं, हे त्यांचं मूळ म्हणणं टिकलं.

लॅक्टेटवर मात्र अन्याय झाला आहे. जिममध्ये, तालमीत, मैदानावर सगळीकडे ऐकू येतं, ‘पाय दुखतायत ना, लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, रगडून घे.’ दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी लॅक्टेटचा संबंध नाही. ते तासाभरात रक्तातून निघून जातं. हृदय ते जाळून वापरतं, यकृत त्याची परत साखर करतं. हे चक्र शोधणाऱ्या कार्ल आणि गर्टी कोरी या दाम्पत्याला १९४७ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतं ते स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा झाल्यामुळे, विशेषतः उतारावर पळून किंवा नवा व्यायाम एकदम जास्त करून. म्हणून ‘दुखलं पाहिजे, तरच फरक पडतो’ ही समजूत पोरांच्या डोक्यातून काढून टाकायला हवी.

उचल फेडायला किती वेळ लागतो, याची महाराष्ट्राला सर्वांत जास्त हळहळ लावणारी गोष्ट १९५२ ची आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बँटमवेट गटात उतरले. जपानच्या शोहाची इशीशी त्यांची लांबलेली कुस्ती झाली. ती हरल्यावर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेकोव्हशी लढायला सांगितलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण त्यासाठी भांडायला तिथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता, ही हकिगत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खाशाबांना कांस्य मिळालं. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक स्पर्धेतलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. तो अर्ध्या तासाचा नियम कुणाच्या मर्जीने ठरलेला वाटतो, पण शरीराच्या हिशेबाशी तो चपखल बसतो. क्रिएटिन फॉस्फेट पाच मिनिटांत भरतं, पण आम्लता उतरायला आणि लॅक्टेट निघून जायला अर्धा ते एक तास लागतो. खाशाबांची हिंमत जराही कमी नव्हती. त्यांच्याकडून हिरावला गेला तो तेवढा अर्धा तास.

एटीपी भरण्याची उरलेली तिसरी वाट सर्वांत मंद आणि सर्वांत श्रीमंत आहे. ती बघायला या तालुक्यांतल्या माणसाला कुठे जावं लागत नाही, आषाढात ती दारातून जाते. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम सोडते, काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्यांचं रिंगण होतं, मग भवानीनगरवरून सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. त्या वाटेवर सत्तरीचे म्हातारे आणि साठीच्या म्हाताऱ्या रोज पंधरा-वीस किलोमीटर चालतात, डोक्यावर तुळस किंवा गाठोडं घेऊन, दोन-अडीच आठवडे. त्यांच्याकडे कुठली पावडर नसते. त्या चालीला शरीर मुख्यतः चरबी जाळतं आणि थोडी साखर. साठ किलोच्या सडपातळ पोराच्या अंगातही सहा-सात किलो चरबी असते, म्हणजे साठ हजार कॅलरींच्या घरातला साठा. ग्लायकोजेनचा साठा दोन-अडीच हजारांचा. चरबीचं कोठार कधी रिकामं होत नाही. पण त्याचं दार अरुंद आहे. चरबी जाळायला ऑक्सिजन भरपूर लागतो आणि ती हळूहळूच जळते. वेग वाढवला की शरीर साखरेकडे वळतं, आणखी वाढवला की उचल सुरू होते.

वारीने याचं मोजमापही देऊन ठेवलं आहे. जगभरचे धावण्याचे प्रशिक्षक सांगतात, की बोलता येईल इतक्याच वेगाने पळालात तर काम ऑक्सिजनवर चाललं आहे असं समजा. वारकरी तर चालता चालता अभंग गातो. ओळ मध्ये तुटली नाही, की चाल बरोबर आहे. कबड्डीचा दम याच्या उलटा. एका श्वासात शब्द घोळवत जोर लावायचा, आणि श्वास तुटला की गडी बाद. एकाच मातीतले हे दोन प्रकार, आणि दोघांचं इंधन वेगळं.

रिंगणात तर दोन्ही एकत्र येतात. आठवडाभर चालून आलेले झेंडेकरी, तुळसवाल्या बाया, पखवाजी, वीणेकरी बेलवाडीच्या मैदानात धावतात. मिनिटभर धावतात, हसत, धापा टाकत, आणि मग पुन्हा चालीला लागतात. म्हाताऱ्या माणसांना ते जमतं, कारण खाली शेकडो किलोमीटरच्या चालीचा पाया असतो.

बारामतीने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१३ च्या डिसेंबरात बारामती मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत एक साठी ओलांडलेली बाई नऊवारीत, अनवाणी धावली आणि पहिली आली. लता भगवान करे, राहणार पिंपळी. नवऱ्याच्या एमआरआय तपासणीला पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. पुढेही त्या धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्या नावाचा मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. लोकांना ही गोष्ट चमत्कारासारखी वाटली. त्यामागचं प्रेम आणि धैर्य मोठं आहेच, त्याला शब्द पुरत नाहीत. पण ते पाय अचानक धावले नव्हते. दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणाऱ्या बाईचे पाय रोज मैलोन्‌मैल चालतात. तीन किलोमीटरच्या शर्यतीत नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा ऑक्सिजनवर येते, आणि ते इंजिन त्यांनी आयुष्यभराच्या चालीने घडवलं होतं. अकॅडमीची फी भरणाऱ्या पोरांनी ही गोष्ट पुन्हा एकदा नीट वाचावी.

कारण १६०० मीटरचं गणितही तेच आहे. पाच मिनिटांच्या जोराच्या धावेत साधारण ८० टक्के ऊर्जा ऑक्सिजनवर येते. मुलींच्या ८०० मीटरलाही साठ-पासष्ट टक्के. म्हणजे २० गुणांची जी सर्वांत मोठी चाचणी आहे, ती मुख्यतः हळू पळण्याने घडणाऱ्या इंजिनाची आहे. आणि आपली पोरं रोज काय करतात? रोज पहाटे १६०० मीटरची ‘ट्रायल’ घेतात. रोज स्टॉपवॉच, रोज तिसऱ्या फेरीत जाळ. रोज उचल आणि रोज फेड, यात भांडवल कधी उभं राहणार?

भांडवल म्हणजे काय तेही बघण्यासारखं आहे. महिनोन्‌महिने सावकाश, लांब पळल्याने स्नायूतल्या तंतुकणिका वाढतात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. मग जो वेग काल आम्लात नेत होता तोच आज ऑक्सिजनवर निभतो. याला दोन-तीन महिने तर लागतातच, खरं तर वर्ष-दीड वर्ष सुधारणा होत राहते. आणि आपल्याकडे जाहिरात निघाली की तयारी सुरू होते. हंगाम दारात आल्यावर बेणं लावण्याचा हा प्रकार आहे.

जगभरच्या अव्वल लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या सरावाच्या नोंदी पाहिल्या तर साधारण ८० टक्के धावणं सावकाश असतं आणि उरलेलं खरोखर जोराचं. आपल्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाश साबळेचं गाव. लहानपणी घरापासून शाळा लांब, ते अंतर पायी आणि पळत काढलेलं. पुढे सैन्यात महार रेजिमेंट, मग धावणं. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य, सुवर्णापासून अवघे ५ शतांश सेकंद दूर. त्या वेगाने १६०० मीटर धरले तर सव्वाचार मिनिटांच्या थोडं पुढे, आणि वाटेत अडथळे आणि पाण्याच्या उड्याही. भरतीच्या पूर्ण गुणांच्या वेळेपेक्षा पाऊण मिनिट आधी, आणि तिथून पुढे आणखी १४०० मीटर! असं इंजिन रोजच्या ट्रायलने घडत नाही.

ट्रायलने काम झालं नाही की पोरगं दुकानाकडे वळतं. आधी प्रोटीनचा डबा. पाच मिनिटांच्या धावेत प्रथिनं इंधन म्हणून जवळजवळ जळतच नाहीत. ती दुरुस्तीचं साहित्य आहेत, आणि ते साहित्य मटकी, डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध यांतून घरीच मिळतं. तीन-तीन हजारांच्या डब्यासाठी आईचं बचत गटाचं कर्ज वाढवू नये. मग ग्लुकोजची पुडी. १६०० मीटरला लागतात साधारण शंभर कॅलरी, म्हणजे अर्ध्या भाकरीपेक्षाही कमी. रात्री पोटभर भाकरी किंवा भात खाल्ला असेल आणि धावण्याआधी दोन तास एखादं केळं, तर कोठारात पंधरा-वीस पट माल पडून असतो. शर्यतीच्या अर्धा तास आधी गोड पाणी प्यायलं तर काहींची रक्तातली साखर उलट खाली येते आणि पाय गळाल्यासारखे होतात. चाचणीच्या दिवशी नवीन काहीच पोटात घालू नये.

याच्या पुढची पायरी मात्र जिवावर बेतणारी आहे. मेफेंटरमाइन नावाचं इंजेक्शन. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. जिममधून आणि भरतीच्या मैदानांभोवतीही ते पोरांच्या हातात पोचलं, आणि पोलिस व अन्न-औषध प्रशासनाने राज्यात ठिकठिकाणी विक्रेत्यांवर कारवाया केल्या. हे इंधन नाही. थकलेल्या बैलाला पराणी टोचल्यासारखं ते हृदयाला टोचतं. पराणीने बैलाच्या पोटात वैरण जात नाही. थकवा ही शरीराने दिलेली सूचना असते. ती दाबली की हृदयाची लय बिघडू शकते, आणि उकाड्यात तर अंग तापून माणूस जागीच कोसळू शकतो. स्नायूंत जळणाऱ्या इंधनापैकी जेमतेम चौथा हिस्सा कामाला येतो, बाकी सगळी उष्णता होते. २०२४ च्या जूनअखेर नवी मुंबईत राज्य राखीव दलाच्या भरतीत धावताना एक तरुण उमेदवार मरण पावला. दमट उकाड्यात जोर लावण्याची जोखीम औषधाविनाही किती मोठी असते, हे त्या मृत्यूने दाखवून दिलं. चाचण्या पहाटे आणि बऱ्या हवेत घ्याव्यात, ही मागणी सरकारने ऐकलीच पाहिजे.

आणि काही गोष्टींसाठी सरकारची वाट बघायची गरज नाही. शर्यतीआधी पंधरा मिनिटं सावकाश पळून, मध्ये दोन-तीन छोटे झपाटे मारून अंग तापवलं, तर ऑक्सिजनची गाडी आधीच सुरू होते. थंड अंगाने निघालं की तिला पूर्ण वेगात यायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ उचलीवर निघतो. पहिली फेरी ७७ सेकंदांची. अठ्ठ्याहत्तर चालेल, पासष्ट नको. पुढे गेलेल्यांना जाऊ द्यावं, तिसऱ्या फेरीत ते भेटतात. आठवड्यात एक दिवस ४०० मीटरच्या जोराच्या फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन. एक दिवस १०० मीटर आणि गोळा, ताज्या अंगाने, दोन प्रयत्नांत चार-पाच मिनिटांची उसंत देऊन. धापा टाकत सलग दहा वेळा १०० मीटर पळणं म्हणजे वेगाचा सराव नव्हे. एक दिवस पूर्ण आराम. उरलेले चार दिवस फक्त सावकाश, पाऊण तास, तास.

या चार दिवसांबद्दलच अकॅडमीवाल्यांना विनंती आहे. कन्हेरी, पिंपळी, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, सगळीकडच्या. त्या चार दिवशी स्टॉपवॉच घरी ठेवा. पोरापोरींना जोडीजोडीने सोडा आणि गप्पा मारत पळायला सांगा. बोलता बोलता कुणाचा शब्द तुटला तर त्याला हळू करा, मागे पडला म्हणून ओरडू नका. आणि हे जाहिरात निघाल्यावर नको, उद्या पहाटेपासून सुरू करा.